नॅरोबोटने इंग्लंडच्या कालव्यांवर: मार्ग आखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा जवळ आला की तेच प्रश्न पुन्हा येतात. काही इथे इंग्लंडात राहणाऱ्यांचे असतात, तर काही पुण्या-मुंबईहून मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांचे. इथे फक्त इंग्लंड आणि वेल्सच्या कालव्यांबद्दल लिहिलं आहे, कारण स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी आहे. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ लागला तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नॅरोबोट म्हणजे नक्की काय? आणि ती एवढी अरुंद का?

साधारण ६ फूट १० इंच रुंद आणि ३० ते ७० फूट लांब अशी पोलादी बोट. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, शॉवर आणि शौचालय हे सगळं एका ओळीत असतं. चालवणारा मागच्या टोकाला उघड्यावर उभा राहून टिलरने, म्हणजे सुकाणूच्या दांड्याने, बोट वळवतो.

रुंदीचं कारण अठराव्या शतकातलं आहे. १७६६ मध्ये ट्रेंट अँड मर्सी कालव्याचं काम सुरू झालं, तेव्हा जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरपुढे हेअरकासलचा डोंगर होता. बोगदा जितका रुंद, तितका खर्च जास्त. शेवटी लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद (प्रश्न ७), ७ फूट रुंदीचे ठरले आणि मिडलंड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या, पुढच्या बहुतेक कालव्यांनी तेच माप घेतलं. तेव्हा कोळसा आणि चिनी मातीची भांडी वाहणाऱ्या बोटी घोडे ओढायचे. घोड्याच्या त्या वाटेला टोपाथ म्हणतात, आणि आज तिच्यावरून लोक चालतात, सायकली फिरवतात. बोटीला आता डिझेल इंजिन असतं.

२. बोट चालवायला लायसन्स लागतं का? व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना चालवता येते का?

भाड्याच्या बोटीसाठी चालवणाऱ्याला कसलंही लायसन्स लागत नाही. व्हिसाचाही प्रश्न येत नाही, कारण तुम्ही सुट्टीवरच आलेले असता. बोटीचा परवाना आणि विमा कंपनीच्या नावावर असतो. ताबा देताना कंपनीचा माणूस तास-दीड तास सगळं दाखवतो आणि बहुतेक ठिकाणी पहिल्या लॉकपर्यंत सोबत येतो. तेव्हा फोटो काढत बसू नका, घरातल्या किमान दोघांनी नीट ऐका. बुकिंग करणाऱ्याच्या वयाची अट प्रत्येक कंपनीची वेगळी असते.

टिलरची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे जातं. बोटीला ब्रेक नसतो, थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं. आणि इंजिन उलटं फिरत असताना सुकाणू जवळजवळ ऐकतच नाही. समोरून बोट आली तर आपण उजव्या बाजूला राहायचं, म्हणजे भारतातल्या रस्त्याच्या बरोबर उलट.

३. आठवड्याभरात किती लांब जाता येतं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त चुकणारा हिशेबही हाच. लोक फक्त मैल मोजतात. कालव्यावर मैलांइतकेच लॉक मोजावे लागतात.

वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे. पण उभ्या बोटींजवळून जाताना वेग आणखी कमी करावा लागतो, नाहीतर आपल्या लाटेने त्यांचे दोर ताणले जातात आणि आतल्या माणसाचा चहा सांडतो. म्हणून सरासरी ३ मैलच धरा. एका लॉकला साधारण तेवढाच वेळ लागतो जेवढा एक मैल जायला लागतो. त्यामुळे कालव्यावरची माणसं सरळ हिशेब करतात: मैल अधिक लॉक, भागिले ३, बरोबर तास.

'फोर काउंटीज रिंग' हा प्रसिद्ध गोल मार्ग घ्या. ११० मैल आणि ९४ लॉक, बेरीज २०४, म्हणजे ६८ तास. भाड्याचा आठवडा शनिवारी दुपारी सुरू होतो आणि पुढच्या शनिवारी सकाळी संपतो, म्हणजे पूर्ण दिवस सहाच मिळतात. रोज अकरा तासांहून अधिक झाले! जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, चार तरुण मित्र असले तर हे जमतं. आजी-आजोबा आणि लहान मुलं सोबत असतील तर मी अजिबात सुचवणार नाही.

माझं मत असं: रोज पाच ते सहा तास, आठवड्याला तीस-पस्तीस. त्यात पाणी भरणं, दुकानात जाणं आणि लॉकपाशी रांगेत थांबणं यांचे तास धरलेले नाहीत. ऑक्टोबरमध्ये जात असाल तर आणखी कमी धरा, कारण भाड्याची बोट अंधारात चालवायला परवानगी नसते.

४. पहिल्यांदाच जातोय. गोल मार्ग घ्यावा की गेलो त्याच वाटेने परत यावं?

त्याच वाटेने परत या. गोल मार्गावर अर्ध्याहून पुढे गेलात की मागे फिरण्यात अर्थ उरत नाही, आणि पुढचं एखादं लॉक मोडलं तर सगळा बेत कोसळतो. जाऊन-येऊन मार्गावर कुठूनही परत फिरता येतं. शिवाय परतीला तोच कालवा वेगळा दिसतो, आणि जाताना हेरलेल्या चांगल्या जागेवर रात्री थांबता येतं.

नवख्यांसाठी मी नेहमी अ‍ॅश्बी कालव्याचं नाव घेतो. मार्स्टन जंक्शनपासून स्नेअरस्टनपर्यंत साधारण २२ मैल, आणि पूर्ण वाटेत एकही लॉक नाही. शेतं, मेंढ्या, दगडी कमानींचे पूल, आणि वाटेत बॉसवर्थचा परिसर, जिथे १४८५ मध्ये तिसरा रिचर्ड राजा लढाईत पडला. लॉकच नसल्यामुळे ज्येष्ठांना उड्या मारायला लागत नाहीत. केनेट अँड एव्हन कालव्यावर डेव्हायझेसच्या पूर्वेला १५ मैलांचा सपाट पट्टा आहे, तोही चांगला.

थोडी हिंमत असेल तर वेल्समध्ये जाणारा लँगॉलन कालवा: साधारण ४५ मैल आणि २१ लॉक, म्हणजे एका बाजूने २२ तास. इथे एक गोम आहे. हा कालवा डी नदीचं पाणी हर्ल्स्टनच्या जलाशयापर्यंत नेतो, त्यामुळे त्याला चक्क प्रवाह आहे. लँगॉलनकडे जाताना पाणी समोरून येतं, आणि अरुंद जागी बोट रेंगाळते. जायला जास्त वेळ धरा, येताना तो भरून निघतो. बुकिंगआधी हा कालवा सलग खुला आहे ना, तेही बघा (प्रश्न १६).

५. मार्ग आखताना कागदावर काय काय लिहून ठेवायचं?

प्रत्येक दिवसासाठी इतकंच: निघायची जागा, लॉकची संख्या, पाण्याचा नळ कुठे, बोट वळवायची जागा कुठे, आणि रात्री थांबायच्या दोन जागा. दोन, कारण पहिली बहुतेकदा भरलेली असते.

जागा पुलाच्या क्रमांकाने लिहा. कालव्यावरच्या जवळजवळ प्रत्येक पुलावर क्रमांकाची पाटी असते, आणि संकटात फोन करायची वेळ आली तर तोच क्रमांक तुमचा पत्ता. 'गावाबाहेर, झाडं आहेत तिथे' असं सांगून कोणी पोचत नाही.

कॅनॉलप्लॅन नावाच्या संकेतस्थळावर सुरुवात आणि शेवट टाकला की ते दिवसांची वाटणी करून देतं. त्याने दिलेल्या वेळेत मी नेहमी थोडी भर घालतो. छापील मार्गदर्शक पुस्तक मात्र सोबत हवंच, कारण कालवा खोल चरातून जातो तिथे फोनला रेंज नसते.

६. बोट मागे फिरवायची कशी? कालवा तर बोटीपेक्षा अरुंद दिसतो.

दिसतो तसाच आहे. साठ फुटी बोट कुठेही वळवता येत नाही. त्यासाठी ठरावीक अंतरावर कालव्याचा एक काठ त्रिकोणी खणून रुंद केलेला असतो, त्याला विंडिंग होल म्हणतात. बोटीचं नाक त्या खाचेत घालायचं आणि इंजिन हळूहळू पुढे-मागे करत शेपूट फिरवायचं. वारा असेल तर त्याचा उपयोग करून घ्या, त्याच्याविरुद्ध भांडू नका.

प्रत्येक विंडिंग होल प्रत्येक बोटीला पुरत नाही. नकाशात लांबीची मर्यादा लिहिलेली असेल तर ती गांभीर्याने घ्या. हुकलं तर पुढचं कित्येक मैल दूर असू शकतं, म्हणजे एका चुकीत निम्मा दिवस जातो. म्हणून परत फिरायची जागा निघण्याआधीच ठरवा. आठवड्याचा निम्मा वेळ व्हायच्या थोडं आधीच तिथे पोचायला हवं, मग मुक्कामाचं गाव अजून दोन तासांवर असलं तरी.

७. लॉक चालवतात कसं? आम्हा दोघांना जमेल का?

जमेल. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. वर जायचं असेल तर रिकाम्या हौदात बोट घालायची, मागचे दरवाजे लावायचे, वरच्या बाजूच्या झडपा हळूहळू उघडायच्या, हौद भरला की बोट वर येते. पाणी दोन्हीकडे समान झाल्याशिवाय दरवाजा हलतच नाही, कितीही जोर लावा. बाहेर पडलात की दरवाजा लावायचा आणि झडपा खाली पाडायच्या. खाली जाताना हेच उलट.

झडपांना पॅडल म्हणतात आणि त्या विंडलास नावाच्या वाकड्या हँडलने फिरवतात. हँडल दांड्यावर तसंच सोडून कधी वळू नका. खटका निसटला तर ते गरगर फिरतं आणि हाताची हाडं मोडतात. हँडल दोन घ्या, कारण एक हमखास पाण्यात पडतं.

दरवाजाच्या लांब लाकडी तुळईला पाठ टेकवून पायांनी जोर लावायचा, हातांनी ढकलायचं नाही. घाई कोणीच करत नाही. समोरून बोट येताना दिसली आणि लॉक तिच्या बाजूने तयार असलं, तर आधी तिला येऊ द्या. एका अरुंद लॉकमधून दर वेळी २५ हजार गॅलन, म्हणजे लाखाहून जास्त लिटर पाणी खाली जातं. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

८. लॉकमध्ये बोट बुडते म्हणतात, ते खरं का?

खरं, आणि जवळजवळ नेहमी एकाच कारणाने. वरच्या दरवाजाच्या आत पाण्याखाली दगडाचा एक उंबरा असतो, त्याला सिल म्हणतात. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. खाली जाताना बोटीचं मागचं टोक त्या उंबऱ्यावर राहिलं, तर पाणी उतरतं तसं पुढचं टोक खाली जातं आणि मागचं अडकून वर राहतं. काही मिनिटांत बोटीत पाणी.

उंबरा कुठपर्यंत आहे ते भिंतीवर पांढऱ्या रेषेने दाखवलेलं असतं. खाली जाताना बोटीचं शेपूट त्या रेषेच्या पुढे ठेवा आणि पॅडलवर उभ्या माणसाने बोटीवरून नजर हटवू नका. काही बिनसलं असं वाटलं तर आधी उघडी पॅडल बंद करा, मग वरचं पॅडल उघडून पाणी पुन्हा भरा. दुसरी काळजी दोराची: लॉकमध्ये दोर गाठ मारून बांधू नका, फक्त गुंडाळून हातात धरा.

९. पायऱ्या-पायऱ्यांचे लॉक असतात ते वेगळे का?

त्यांना स्टेअरकेस म्हणतात. साध्या लॉकांच्या माळेत दोन लॉकांमध्ये थोडा कालवा असतो, इथे एका हौदाचा वरचा दरवाजा हाच पुढच्या हौदाचा खालचा दरवाजा. म्हणून शिरायच्या आधीच सगळे हौद योग्य स्थितीत हवेत. वर जाताना सगळ्यात खालचा रिकामा आणि त्याच्या वरचे सगळे भरलेले. खाली जाताना सगळ्यात वरचा भरलेला, खालचे रिकामे. चुकलात तर पाणी काठावरून वाहतं किंवा बोट कोरड्या हौदात बसते.

यॉर्कशायरमध्ये बिंगलीचे पाच हौद १७७४ पासून चालू आहेत. तिथे लॉककीपरशिवाय कोणी चालवत नाही. लेस्टरशायरमधल्या फॉक्स्टनला पाच-पाच हौदांचे दोन जिने आहेत, एकूण चढण ७५ फूट. तिथल्या पॅडलना लाल आणि पांढरा रंग दिलेला आहे: आधी लाल, मग पांढरं, हा क्रम मोडायचा नाही. तिथेही लॉककीपर असतात, आधी त्यांच्याकडे जाऊन नाव सांगायचं आणि पाळी येईपर्यंत थांबायचं. उन्हाळ्यात रविवारी ही पाळी तास-दोन तासांची असू शकते, ती वेळापत्रकात धरा. लँगॉलनच्या वाटेवर ग्रिंडली ब्रुकला तीन साधे लॉक आणि तीन हौदांचा जिना आहे, तिथलीही रांग प्रसिद्ध.

१०. एका दमात पंचवीस-तीस लॉक आले तर?

वॉरिकजवळचे हॅटनचे २१, डेव्हायझेसच्या केन हिलचे २९, वुस्टरशायरमधले टार्डेबिगचे ३०. टार्डेबिगची ओळ ब्रिटनमधली सगळ्यात लांब. अशा ठिकाणी आदल्या संध्याकाळी पायथ्याशी थांबायचं आणि सकाळी पोटभर नाश्ता करून सुरू करायचं. मधेच मुक्कामाचा बेत नको. केन हिलला आत शिरायच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आदल्या दिवशी बघून ठेवा. हॅटन आणि केन हिलचे लॉक रुंद आहेत, दोन नॅरोबोटी शेजारी-शेजारी मावतात. तिथे सोबतीला दुसरी बोट शोधा, कष्ट आणि पाणी दोन्ही निम्म्यावर येतं.

११. बोगद्यांची भीती वाटते. ते टाळता येतात का?

मार्ग निवडतानाच टाळता येतात. टाळायचे नसतील तर तीन प्रकार लक्षात ठेवा. पहिला, दोन्ही दिशांनी एकदम वाहतूक असलेला. ग्रँड युनियनवरचा ब्लिसवर्थ तसा, लांबी सुमारे पावणेतीन किलोमीटर. समोरून दिवा आला की वेग कमी करून उजवी भिंत धरायची. दुसरा, एकाच दिशेने सोडला जाणारा. हेअरकासलला बोगद्याचे रखवालदार असतात, ते टप्प्याटप्प्याने बोटी सोडतात. आत सुमारे चाळीस मिनिटं लागतात, आणि दुपारनंतर पोचलात तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागू शकतं. तिसरा, आधी नोंदणी करावी लागणारा: हडर्सफील्ड कालव्यावरचा स्टँडेज. लांबी पाच किलोमीटरच्या वर, ब्रिटनमधला सगळ्यात लांब आणि सगळ्यात खोल कालवा-बोगदा. कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टचा (प्रश्न १६) माणूस बोटीवर सोबत येतो.

आत जाताना पुढचा दिवा आणि केबिनचे दिवे लावा, भिंती दिसतात. छत टपकतं, रेनकोट घाला. सगळ्यांचे हात-डोकं बोटीच्या आत.

१२. तो प्रसिद्ध उंच पूल बोटीने पार करता येतो का?

पाँटकासल्टे. वेल्समध्ये डी नदीवरून जाणारा जलसेतू, टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी उभारलेला, १८०५ मध्ये खुला झाला. १८ दगडी खांब, लांबी ३०७ मीटर, उंची ३८ मीटर. २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. हो, बोट ओतीव लोखंडाच्या पन्हाळीतून त्यावरून जाते. टोपाथच्या बाजूला कठडा आहे. दुसऱ्या बाजूला काहीच नाही, पन्हाळीची कड पाण्याच्या जेमतेम वर, आणि तिच्या पलीकडे थेट दरी. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी टोपाथवरून कठड्याला धरून चालत यावं, कोणी हसत नाही. लहान मुलांना पुलावर केबिनच्या आत ठेवा.

त्याच्या पुढे लँगॉलनपर्यंतचे शेवटचे काही मैल अरुंद आहेत, काही ठिकाणी एकच बोट मावते. तिथे एकाला उतरवून पुढे चालत पाठवा, तो समोरून कोणी येत नाही ना ते बघून हात करेल. लँगॉलनच्या वर इंजिनाच्या बोटींना जाता येत नाही, तिथे अजून घोड्याने ओढलेल्या सहलीच्या बोटी चालतात.

१३. रात्री कुठेही थांबता येतं का? पैसे पडतात का?

टोपाथच्या बाजूला बहुतेक ठिकाणी फुकट थांबता येतं, पाटी वेगळं सांगत नसेल तर १४ दिवसांपर्यंत. गावांजवळच्या लोकप्रिय जागी २४ किंवा ४८ तासांची पाटी असते. लॉकच्या तोंडाशी, पाण्याच्या नळापाशी, वळणावर, पुलाखाली आणि विंडिंग होलमध्ये थांबायचं नाही. समोरचा काठ बहुतेक खासगी असतो.

काठाला लोखंडी पत्रे असतील तर त्यात अडकवायचे आकडे वापरा, नसतील तर खुंट्या ठोका. खुंटीवर पांढरी पिशवी किंवा कापड बांधा, रात्री कोणी अडखळणार नाही. थांबल्यावर रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन बंद. दुपारी चारच्या आत जागा शोधायला लागा, शनिवारी तर तीनलाच.

१४. पाणी आणि शौचालय यांची सोय कशी?

पाण्याची टाकी बोटीतच असते. चौघं जण रोज अंघोळ करत असतील तर दर एक-दोन दिवसांनी भरा. नळ ट्रस्टच्या ठाण्यांवर मिळतो, आणि बरीच ठाणी एका ठरलेल्या किल्लीने उघडतात. ती बोटीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे ना, हे निघण्याआधी बघा. टाकी भरायला अर्धा ते एक तास लागतो, तेवढ्यात जेवण उरकतं.

शौचालयं दोन प्रकारची: मोठ्या टाकीचं, जे बोटयार्डात पंपाने रिकामं करतात, आणि उचलायच्या डब्याचं, जे आपण स्वतः ठरलेल्या ठिकाणी रिकामं करायचं. आठवड्याच्या भाड्यात टाकीवालं असेल तर बहुतेक वेळा मधे काही करावं लागत नाही. आपल्याकडच्या सवयीने ओले टिश्यू किंवा पॅड आत टाकलेत, तर पंप तुंबतो आणि दुरुस्तीचं बिल तुमच्याकडे येतं.

१५. कुकर, मिक्सर, पोळ्या... हे सगळं चालतं का?

कुकर आणि तवा बिनधास्त, शेगडी गॅसची असते. मिक्सरचं मात्र विचारून घ्या. बोटीवरची वीज बॅटरीतून इन्व्हर्टरमार्गे येते आणि ७५० वॅटचा भारतीय मिक्सर लहान इन्व्हर्टरला झेपत नाही. वाटण घरून करून न्या. विजेची किटली आणि हेअर ड्रायर तर नकोच.

हवा येण्यासाठी ठेवलेली भोकं थंडी वाजते म्हणून बंद करू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावली आहेत, आणि त्याच्या धोक्याची घंटी २०१९ पासून राहत्या बोटींवर सक्तीची आहे. घंटी वाजली तर सगळे बाहेर.

बाजारहाटाला वाटेतली गावं पुरतात. मेथी-कोथिंबीर हवी असेल तर मार्ग लेस्टर शहरातून जातो का बघा, भारतीय दुकानांचा बेलग्रेव्ह रोड तिथलाच. लंडनच्या बाजूने असाल तर बुल्स ब्रिज जंक्शन साउथॉलला लागूनच आहे.

१६. ठरवलेला मार्ग ऐन वेळी बंद झाला तर?

होतो. कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था २०१२ पासून सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग सांभाळते, आणि तिच्या संकेतस्थळावर बंद मार्गांच्या सूचना रोज येतात. ईमेलने मागवता येतात, त्या मागवाच. मोठी दुरुस्ती साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये ठेवतात, म्हणून हिवाळ्यात जाणाऱ्यांनी आधी ती यादी वाचावी आणि मग तारखा ठरवाव्यात.

अचानक बंद होण्याची कारणं वेगळी. २०२५ च्या १ जानेवारीला अतिवृष्टीनंतर चेशरमध्ये ब्रिजवॉटर कालव्याचा बांध फुटला आणि चेशर रिंगचा गोल तुटला. त्याच उन्हाळ्यात पाऊस नव्हता म्हणून जलाशय आटले आणि लीड्स-लिव्हरपूलसह उत्तरेकडच्या कालव्यांचे मोठे पट्टे बंद ठेवावे लागले. उत्तरेच्या डोंगरी कालव्यांवर ऑगस्टचा बेत असेल तर दुसरा, दक्षिणेकडचा पर्याय हाताशी ठेवा. बुकिंगच्या वेळी कंपनीला सरळ विचारा: मार्ग बंद झाला तर दुसऱ्या तळावरून बोट द्याल का?

१७. पाऊस पडला तर?

छत्री नको, रेनकोट. पावसापेक्षा वारा त्रास देतो. नॅरोबोट सपाट तळाची आणि उंच भिंतींची, आडवा वारा तिला काठावर नेऊन बसवतो. जोराचा वारा असेल त्या दिवशी थांबून पत्ते खेळा.

१८. कालव्याच्या मार्गात मधेच नदी येते, तिथे काय वेगळं?

बरंच. कालव्याचं पाणी जवळजवळ उभं असतं, नदीला प्रवाह आणि पूर असतो. ट्रेंट अँड मर्सीवर ऑलरवॉसला थोडं अंतर चक्क ट्रेंट नदीतूनच जावं लागतं, आणि नदी चढली की तो भाग बंद. हे छोटंसं अंतर एका गोल मार्गाला दोन-तीन दिवस अडवू शकतं. नदीवर बोट नेणार असाल तर नांगर हवा, तोही साखळी-दोरासह बांधून तयार. लॉकपाशी पातळीची पट्टी लाल रंगात असेल तर जायचं नाही. सगळ्यांना लाइफ जॅकेट. बऱ्याच कंपन्या नवख्यांना नदीवर जाऊच देत नाहीत, आणि त्यात काही गैर नाही.

१९. मोठी बोट घेतली तर सगळीकडे जाता येईल का?

नाही. सत्तर फुटी बोट मिडलंड्सच्या लॉकमध्ये बसते, पण उत्तरेचे काही लॉक आखूड आहेत. कॅल्डर अँड हेबलवर तर ५७ फुटांच्या आसपासच मर्यादा. म्हणून देशभर फिरणारे ५७ फुटांची बोट घेतात. लांब बोटीचा दुसरा तोटा प्रश्न ६ मध्ये.

२०. बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) काही अडकलं किंवा बोट गाळात बसली तर?

इंजिन धडधडायला लागलं आणि वेग गेला, तर पंख्यात पिशवी, दोर किंवा कापड गुंडाळलंय असं समजा. शहरातून जाताना हे हमखास होतं. इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात घाला, मगच मागच्या बाजूची झाकणाची पेटी उघडून हात घाला. झाल्यावर झाकण घट्ट बसवलंय ना हे दोनदा बघा, नाहीतर बोटीत पाणी येतं.

गाळात बसली तर पुढे रेटू नका. इंजिन उलटं चालवा, सगळ्यांना दुसऱ्या बाजूला उभं करा, लांब वाशाने तळाला ढकला.

२१. कोणी पाण्यात पडलं तर? पोहता येत नाही.

सर्वात आधी इंजिन न्यूट्रलमध्ये. पंखा फिरत असताना बोट मागे आणायची नाही. कालवा बहुतेक ठिकाणी मीटर-सव्वा मीटरच खोल असतो, माणूस उभा राहू शकतो. लॉक आणि नदी हे अपवाद. बाहेर आल्यावर साबणाने अंघोळ, जखम असेल तर धुवून झाका. मुंबईच्या पावसाळ्यात ज्याला लेप्टो म्हणतो तो आजार इथेही उंदरांच्या मुतामुळे होतो. पुढच्या महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरला कालव्याच्या पाण्याचं आवर्जून सांगा.

२२. बोट विकत घेऊन कायमचं फिरत राहता येतं का?

कायद्याने येतं. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार ठरलेला तळ नसलेली बोट खरोखर प्रवासात असली पाहिजे आणि एका ठिकाणी १४ दिवसांहून जास्त राहू नये. दोन पुलांमध्ये ये-जा केलेली चालत नाही. बोटीला परवाना, विमा आणि दर चार वर्षांनी सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. व्हिसाचे आणि शाळेचे कागद ज्यांना स्थिर पत्त्यावर लागतात, त्यांनी आधी तो प्रश्न सोडवावा.

२३. ट्रस्टचा परवाना असला की सगळे जलमार्ग खुले का?

नाहीत. थेम्स नदीचा मोठा भाग पर्यावरण संस्थेकडे, म्हणजे एन्व्हायर्नमेंट एजन्सीकडे आहे, त्याची नोंदणी वेगळी. ब्रिजवॉटर कालवा खासगी कंपनीचा, तिथे ट्रस्टच्या परवान्यावर सात दिवस फुकट राहता येतं. चेशर रिंग करणाऱ्यांनी ते सात दिवस हिशेबात धरावेत, आणि फुटलेल्या बांधाची आजची स्थिती प्रश्न १६ मधल्या पद्धतीने तपासावी. भाड्याच्या बोटीवर असाल तर करारातली जलमार्गांची यादीच अंतिम. त्या यादीबाहेर गेलात तर विमा लागू होत नाही.